वाचकांचे प्रश्न : गोल्फचे क्लब निवडताना केवळ वेगाच्या आकड्यावर विसंबावे का?

प्रश्न : माझा आणि माझ्या मित्राचा ड्रायव्हरचा (सर्वांत लांबच्या फटक्यांच्या क्लबचा) वेग जवळजवळ सारखाच, म्हणजे ताशी ९० मैलांच्या आसपास आहे. उंचीही सारखीच आहे. त्याने स्टिफ शाफ्टचे, म्हणजे ताठ दांड्याचे, क्लब घेतले आणि त्याचे फटके सुधारले, म्हणून मीही तसेच घेतले. माझे चेंडू मात्र जमिनीलगत आणि उजवीकडे जातात. आम्ही दोघेही उजव्या हाताने खेळतो. फरक एवढाच की त्याचा स्विंग (फटक्यासाठी क्लब फिरवणे) झपकन होतो आणि माझा संथ आहे. दोष स्विंगचा की क्लबचा?

उत्तर : आपण ज्याला ‘एवढाच’ फरक म्हणता, त्यातच या प्रश्नाचे उत्तर आहे. दुकानात साधारणपणे ताशी ८५ ते ९५ मैल वेगाला रेग्युलर (स्टिफपेक्षा लवचिक) आणि ९५ ते १०५ मैल वेगाला स्टिफ शाफ्ट सुचवला जातो. सुरुवात करायला हा ठोकताळा चुकीचा नाही. परंतु हा वेग चेंडूपाशी मोजलेला असतो आणि तो वेग खेळाडूने कसा निर्माण केला, हे त्यातून कळत नाही. बॅकस्विंग संपवून क्लब खाली आणताना जो खेळाडू हिसका देतो, तो शाफ्टला जोराने वाकवतो, आणि अशा हातात मऊ शाफ्ट असेल तर क्लबचे तोंड (चेंडूला लागणारी बाजू) दर फटक्याला वेगळ्या कोनात चेंडूपाशी पोहोचण्याचा धोका असतो. आपल्या मित्राला ठोकताळ्यापेक्षा ताठ शाफ्ट मानवला, तो बहुधा यामुळेच. आपण मात्र तोच वेग हळूहळू वाढवत नेता, त्यामुळे तो शाफ्ट आपल्या हातात पुरेसा वाकत नाही, आणि चेंडू खालून व उजवीकडे जाणे हे त्याचे ओळखीचे लक्षण आहे. आपला संथ स्विंग हा दोष नाही, आणि क्लबसाठी तो बदलू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

आपण रेग्युलर शाफ्ट वापरून पाहावा, वजनानेही थोडा हलका पाहावा आणि ड्रायव्हरचा लॉफ्ट (तोंडाचा मागे झुकलेला कोन) एखाद्या अंशाने वाढवून पाहावा. मात्र शाफ्टवर छापलेल्या R किंवा S या अक्षरावर विसंबू नये. रेग्युलर किंवा स्टिफ कशाला म्हणावे, याचे सर्व उत्पादकांना बांधणारे प्रमाण अस्तित्वातच नाही. एकाचा रेग्युलर दुसऱ्याच्या स्टिफइतका ताठ असू शकतो. म्हणून एकच क्लबहेड (क्लबचे डोके) ठेवून फक्त शाफ्ट बदलत चेंडू मारावेत, आणि सर्वांत लांब गेलेला एक फटका न पाहता सगळे चेंडू किती जवळजवळ पडले ते पाहावे.

प्रश्न : माझा ड्रायव्हर सरळ जातो, पण नऊ नंबरचे आयर्न आणि वेज (जवळच्या फटक्यांचे क्लब) सातत्याने डावीकडे जातात. प्रशिक्षकांना माझ्या स्विंगमध्ये चूक दिसत नाही.

उत्तर : आपले क्लब आपल्या स्विंगच्या मानाने फार उभे असावेत, अशी मला दाट शंका आहे. शाफ्ट आणि जमीन यांच्यातील कोनाला लाय अँगल म्हणतात; तो जितका मोठा, तितका क्लब उभा. चेंडूला लागताना क्लबहेडचे टोक वर उचललेले आणि टाच (शाफ्टजवळची बाजू) टेकलेली असेल, तर उजव्या हाताच्या खेळाडूच्या क्लबचे तोंड डावीकडे कलते. हा परिणाम लॉफ्टबरोबर वाढतो. दहा अंशांच्या ड्रायव्हरमध्ये तो जेमतेम जाणवतो, वेजमध्ये मात्र कित्येक पटींनी मोठा होतो. आपला ड्रायव्हर सरळ आणि वेज डावीकडे, ही विभागणी त्याच्याशी तंतोतंत जुळते.

तपासणी घरच्या घरी करता येते. चेंडूवर मार्करने जाड सरळ रेघ काढावी, ती उभी आणि क्लबच्या तोंडाकडे येईल असा चेंडू ठेवावा आणि नेहमीसारखा फटका मारावा. रेघेचा ठसा क्लबच्या तोंडावर उमटतो. तो तोंडावरील खाचांशी काटकोनात उभा असेल तर कोन बरोबर आहे. तिरका असेल तर नाही. एका ठशावरून निष्कर्ष काढू नये, पाच-सहा फटक्यांचे ठसे पुसत पुसत पाहावेत. डिव्हटही (फटक्याने जमिनीत पडलेला खड्डा) पाहावा : टाचेच्या बाजूने तो खोल असेल तर माझी शंका खरी.

नुसते उभे राहून घेतलेले माप येथे पुरेसे ठरत नाही, कारण चेंडूला लागताना हात बहुतेक वेळा सुरुवातीपेक्षा थोडे वर आलेले असतात आणि शाफ्टही खाली झुकतो. किती, ते प्रत्येकाच्या स्विंगवर ठरते. मऊ पोलादाचे फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) क्लब एक-दोन अंश वाकवून घेता येतात. ओतीव क्लबच्या बाबतीत कारागिराला आधी विचारावे. हे काम तुलनेने स्वस्त असूनही खेळाडू त्याकडे दुर्लक्ष करतात आणि नव्या ड्रायव्हरवर मोठी रक्कम घालतात, याचे मला खरोखर वाईट वाटते.

प्रश्न : वेजवर लिहिलेल्या बाउन्सच्या आकड्याचा स्विंगशी काही संबंध आहे का?

उत्तर : थेट संबंध आहे. बाउन्स म्हणजे वेजच्या तळाची पुढची कड जमिनीपासून वर ठेवणारा कोन. आपण उभ्या उतारातून क्लब आणून खोल डिव्हट काढत असाल, तर १० ते १४ अंशांचा जास्त बाउन्स क्लबला जमिनीत रुतू देत नाही. गवत जेमतेम खरवडणाऱ्या खेळाडूला कमी बाउन्स बरा. कडक जमिनीवर तर तोच घ्यावा.

प्रश्न : मी नवशिकी आहे. स्विंग सुधारल्यावरच फिटिंग (क्लब आपल्या मापाने जुळवून घेणे) करावे, असे सगळे सांगतात.

उत्तर : स्विंग सुंदर होण्याची वाट पाहू नये; तो पुरेसा सारखा होऊ लागला की फिटिंगला अर्थ येतो. अमेरिकी गोल्फपटू जिम फ्युरिक यांच्या स्विंगमधील वळसा कोणत्याही पाठ्यपुस्तकात बसत नाही, तरीही २०१६ मध्ये त्यांनी पीजीए टूर या व्यावसायिक स्पर्धामालिकेत अवघ्या ५८ फटक्यांची फेरी खेळली, कारण तोच वळसा ते दर वेळी तसाच घेतात. आपण सध्या लांबी, लाय अँगल आणि ग्रिपची जाडी एवढेच जुळवून घ्यावे, कारण फार लांब क्लब पकडून शिकलेला खेळाडू त्या लांबीशी जुळवण्यासाठी शरीर वाकडे करायला शिकतो आणि ती सवय पुढे मोडणे कठीण जाते. शाफ्टचा बारीक विचार प्रशिक्षकांबरोबर काही महिने घालवल्यावर करावा, आणि स्विंगमध्ये मोठा बदल केला तर ठशाची तपासणी पुन्हा करावी.