‘माझ्याच हातून काही खाण्यात गेलं का हो?’

दादरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत आया येतात त्या वेगवेगळ्या तक्रारी घेऊन. कुणाचं मूल अभ्यासाला बसत नाही, कुणाचं घराबाहेर पडत नाही. पण थोडं बोलणं झालं की गाडी ताटावर येते आणि आवाज खाली घेऊन एक प्रश्न विचारला जातो: “मॅडम, माझ्याच हातून काही खाण्यात गेलं का हो?” गरोदरपणात पपई खाल्ली म्हणून मूल उशिरा बोललं का? लाडानं गोड दिलं म्हणून ते एका जागी ठरत नाही का? हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय, की त्याबद्दल एकदा नीट लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. त्यासाठी एका घराची हकिगत सांगते. ओळख लागू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

घर मूळचं मालवणचं, राहायला लालबागला. आई आली ती “मुलगी जेवत नाही” म्हणून. मुलगी नववीत. वजन उतरलेलं, डबा तसाच परत यायचा, ताटावर बसलं की भांडण. मी विचारलं, “तिला वाढता काय?” बाईंनी पर्समधून वहीचा घडी घातलेला कागद काढला. मधोमध रेघ मारून दोन रकाने केलेले. डावीकडे ‘चालतं’, उजवीकडे ‘चालत नाही’. डावा रकाना अर्ध्यावर संपला होता. उजवा पान भरून मागच्या बाजूला गेला होता, तोही तीनचार रंगांच्या पेनांनी लिहिलेला. दूध, दही, ताक, लिंबू, चिंच, कोकम, टोमॅटो, अंडं, मासे. मालवणी घरात कोकम आणि मासे बंद म्हणजे स्वयंपाकघराला कुलूपच.

कारण होतं मुलीच्या गालावरचा आणि बोटांच्या टोकांवरचा पांढरा डाग. डॉक्टरांनी कोड म्हणून निदान केलं होतं, मलम दिलं होतं. मलम घरात होतं, पण भरवसा कागदावर होता.

असा कागद हाती आला की तो खोडून काढायचा मोह होतो. मी तसं करत नाही. समज माहितीवर उभा असेल तरच माहितीनं पडतो, आणि असे समज माहितीवर क्वचितच उभे असतात. मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विचारांवर वाढलेली आहे. 1955 पासून तो सांगत आला की माणूस घटनेनं जेवढा बेजार होत नाही तेवढा त्या घटनेचा स्वतःशी जो अर्थ लावतो त्यानं होतो. म्हणून मी एकेका ओळीवर बोट ठेवून फक्त विचारत गेले, “हे कुणी सांगितलं?”

“दही? शेजारच्या काकूंनी. टोमॅटो व्हॉट्सअॅपवर आलं होतं. चिंच नणंदेनं. अंडं तिच्या क्लासमधल्या एका आईनं.” प्रत्येक ओळीमागे एक माणूस निघालं. सगळ्यात वरची ओळ होती ‘मासे आणि दूध’. तिथे त्या थांबल्या.

“हे कुणी सांगितलं?”

“हे कुणी नाही सांगितलं. हे मीच.”

मग ते बाहेर आलं. रविवार होता. दुपारी तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं झालं होतं, रात्री तेच उरलेलं. दुसऱ्या दिवशी मुलीची परीक्षा, घसा धरलेला, म्हणून आईनं झोपताना हळदीचं दूध दिलं. “ती नको म्हणत होती, मॅडम. मी बळेच पाजलं.” काही महिन्यांनी गालावर डाग दिसला आणि सासूबाई बोलून गेल्या, “माशावर दूध गेलं असेल कधीतरी.” त्यांनी सहज म्हटलं असेल, पण हिच्या डोळ्यांपुढे तो पेला उभा राहिला.

इथे मला विज्ञान सांगता आलं असतं. मी विचारलं, “त्या रात्री दूध आणखी कोण प्यायलं?”

“धाकटा.”

“त्याला डाग?”

“नाही. पण त्याची प्रकृती वेगळी आहे ना.”

वाद घालायला बसलं की अशा उत्तरानं माणूस चिडतो. मला मात्र हायसं वाटलं. “म्हणजे दोघांनी तेच खाल्लं, तेच प्यायलं, आणि फरक प्रकृतीत आहे, असं तुम्हीच म्हणताय. त्वचेचे डॉक्टरही वेगळं काय सांगतात?” कोडात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती त्वचेतल्या रंग तयार करणाऱ्या पेशींवर उलटते. काहींच्या जनुकांत ती ओढ असते. कोड संसर्गजन्य नाही, कुष्ठरोगाशी त्याचा संबंध नाही, आणि माशावर दूध प्यायल्यानं ते होतं याला पुरावा नाही. तसं असतं तर दुधात नि सायीत माशाचं सूप शिजवणाऱ्या फिनलंडमध्ये घरोघरी कोड दिसलं असतं.

बाई हसल्या. पण लगेच म्हणाल्या, “म्हणजे माझ्या रक्तातूनच गेलं असेल.”

बघा, पेल्यातून सुटलेला दोष रक्तात जाऊन बसला. वाद जिंकल्याच्या आनंदात हा क्षण निसटतो आणि घरी गेल्यावर कागदावर दोन ओळी वाढतात. मी थोडं थांबून विचारलं, “समजा दूध नाही, रक्त नाही, तुमचा दोषच नाही. मग काय होईल?”

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मग माझ्या हातात काहीच नाही.”

आमची सगळी कोंडी या वाक्यानं फुटली. इतक्या वर्षांत मला जे उमगलं आहे, ते मी यापेक्षा स्वच्छ कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. आई दोष अंगावर घेते, कारण चूक आपली असली तर दुरुस्तीही आपल्या हातात राहते. कोकम बंद करणं सोपं असतं, मुलीच्या गालाकडे बघत नुसतं बसणं अवघड. म्हणून त्या हातांतून कागद काढून घ्यायचा तर आधी दुसरं काम द्यावं लागतं.

काम होतंच. मलम रोज, न चुकता. त्वचाविभागात पाठपुरावा. अशा डागांवर ठरावीक अतिनील किरणांचे उपचारही असतात. त्याला महिने लागतात आणि तेवढे दिवस कुणीतरी चिकाटीनं वारी करावी लागते. डाग उन्हात पटकन भाजतात, तेव्हा दुपारी बाहेर पडताना सनस्क्रीन. वर्गशिक्षिकेशी बोलणं. आणि एक काम मी मुद्दाम दिलं: मुलीला विचारायचं, तुला जेवावंसं का वाटत नाही?

मुलीचं उत्तर तिनं माझ्यासमोरच दिलं. “आई माझ्या ताटाकडे नाही बघत, गालाकडे बघते. मी घास घेतला की तिची भीती दिसते.” मी काही बोलले नाही. बोलायची गरजही नव्हती.

नंतर एकदा आजींना बोलावलं. त्यांना अडाणी ठरवायचं नाही हे मी आधीच बजावलं होतं, कारण त्यांचं म्हणणं हवेतलं नव्हतं. चरकसंहितेतही विरुद्ध आहारात दूध-माशाचं उदाहरण आहे. पण आजींची भीती ग्रंथातून आली नव्हती. त्यांच्या धाकट्या बहिणीला कोड होतं आणि ती तशीच बिनलग्नाची राहिली. “हिचं तसं नको व्हायला,” एवढंच त्या म्हणाल्या. सून पहिल्यांदाच ऐकत होती.

आता तुमच्या घरात खाण्यावरून होणाऱ्या भांडणांविषयी. प्रत्येक समज मोडायला निघू नका. त्या नियमाची किंमत कोण मोजतंय ते बघा. श्रावणात मासे नकोत, माशाच्या जेवणावर दूध नको, फ्रिजमधल्या कणकेच्या गोळ्यावर बोटं उमटवायची, नाहीतर तो पिंडासारखा दिसतो. राहू द्या, कुणाचं काही बिघडत नाही. पण मधुमेही सासरे “साखर सोडली” म्हणत गुळाचा चहा दिवसातून चारदा घेत असतील तर बोला, कारण गूळही बहुतेक साखरच असतो आणि रक्तातली साखर वाढवतो. दिवस गेलेली सून आयोडीनयुक्त मीठ टाकून नुसत्या सैंधवावर आली असेल तर बोला. बाळाच्या मेंदूच्या वाढीला आयोडीन लागतं. गलगंडाविरुद्धचा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्याकडे 1962 मध्ये सुरू झाला तो आयोडीनच्या कमतरतेमुळेच. पिकलेली पपई बेताची खाल्ली म्हणून गर्भाला काही होत नाही. चीक असलेली कच्ची मात्र टाळा.

आणि गोड खाऊन मुलं चेकाळतात, याबद्दल 1994 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अमेरिकी प्रयोग मी आयांना आवर्जून सांगते. काही आयांना सांगितलं, तुमच्या मुलाला भरपूर साखर दिली आहे. प्रत्यक्षात सगळ्याच मुलांना साखर नसलेलं गोड पेय दिलं होतं. तरी त्या आयांना आपली मुलं जास्त चळवळी वाटली, आणि त्या मुलांच्या जास्त मागे लागल्या, जास्त बोलल्या. हे ऐकल्यावर बहुतेक आया आधी हसतात आणि मग घरी असं कधी झालं ते आपणहून सांगू लागतात.

घरातलं कुणी हट्टानं एखादा पदार्थ बंद करत असेल तर “तुला काही कळत नाही” हे वाक्य गिळा. “हे कुणाकडून कळलं, आणि खाल्लं तर काय होईल असं वाटतं?” असं विचारा. उत्तरात पदार्थ कमी आणि माणसं जास्त निघतील. मुलाचं वजन उतरत असेल, मुलीची पाळी चुकत असेल, किंवा ताटातला एकेक पदार्थ महिनोन्‌महिने गळत चालला असेल, तर मात्र घरच्या घरी बोलत बसू नका. आधी डॉक्टर गाठा. मनाच्या त्रासासाठी टेलीमानसचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे, त्यावर मराठीतही बोलता येतं.

त्या मुलीचा डाग गेला का, असं मला विचारतात. गालावरचा बराच भरला. बोटांवरचा नाही. बोटांच्या टोकांवरचे डाग उपचारांना सहज दाद देत नाहीत, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. मुलगी जेवते, सोलकढी मागून घेते आणि भावाच्या ताटातला बांगडा पळवते. आजी अजूनही माशाच्या दिवशी दुधाचा चहा घेत नाहीत, कोरा घेतात, आणि त्यावर घरात कुणी काही बोलत नाही.