ओहायो स्टेट 2024: मिशिगनचे मार्क कापूनसुद्धा नऊ

तुम्ही विचारलंय की ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या 2024 च्या अमेरिकन फुटबॉल टीमला दहापैकी किती, आणि मिशिगनकडून घरच्या ग्राउंडवर हरले म्हणून स्वतःच सात देऊन मोकळेही झालात. मी बरीच वर्षं कोलंबसमध्ये, म्हणजे ह्याच टीमच्या गावात, राहतोय, 30 नोव्हेंबरला संध्याकाळी आमच्या कॉलनीत कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं, त्यामुळे तुमचा राग कळतो. 13-10, तेही ज्यांचा रेग्युलर सीझन 7 विजय, 5 हार असा संपला त्यांच्याकडून, आणि मिशिगनकडून सलग चौथी हार. पण तरी माझे नऊ. 14 विजय, 2 हार आणि नॅशनल चॅम्पियन असलेल्या टीमला सात दिले तर दहा कुणाला देणार?

क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा, विल हॉवर्डला तुम्ही सहा दिलेत, ते मात्र अजिबात पटलं नाही. कॅन्सस स्टेटमधून आलेला पोरगा, 4,010 यार्ड, 35 टचडाऊन (बॉल थेट शेवटच्या पट्ट्यात, सहा पॉइंट), 73 टक्के पास बरोबर हातात. दहा इंटरसेप्शन आहेत, म्हणजे समोरच्यांनी मधेच पकडलेले पास, त्यातली दोन मिशिगनला दिली, कबूल. ओरेगॉनला तर 32-31 ने हरताना त्याने बॉल घेऊन धावत जाऊन स्लाइड मारली आणि उठेपर्यंत घड्याळ शून्यावर, फील्ड गोल (किक मारून तीन पॉइंट) मारायला सेकंदच उरला नाही, मी सोफ्यावरून उठून टीव्हीला शिव्या घातल्या होत्या. पण फायनलला नोटर डेमसमोर ह्याच माणसाचे पहिले तेराच्या तेरा पास पूर्ण झाले. आठ, आणि हात सैल असेल तर साडेआठ.

आता ज्यांच्याबद्दल कुणी लिहितच नाही ते सांगतो, म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइन. क्वार्टरबॅकसमोर भिंत बनून उभी राहणारी ही पाच धिप्पाड माणसं, ह्यांना सगळे फक्त काही चुकलं की आठवतात. जॉश सिमन्स, लेफ्ट टॅकल, म्हणजे लाइनच्या डाव्या टोकाचा, ओरेगॉनच्या मॅचमध्ये गुडघा गेला, सीझन खलास. त्याच्या जागी आलेला पुढच्याच मॅचमध्ये जखमी झाला, मग गार्ड, म्हणजे टॅकलच्या आतल्या बाजूला, खेळणाऱ्या डॉनवन जॅक्सनला उचलून टॅकलला उभं केलं, म्हणजे आपल्याकडे सातव्या नंबरच्या बॅट्समनला सीझनच्या मध्यात ओपनिंगला पाठवावं तसं. पेन स्टेटचा डिफेन्समधला अब्दुल कार्टर, त्याने त्याची सुरुवातीला दमछाक केली, पण त्याच मॅचची शेवटची पाच मिनिटं ह्याच लाइनच्या मागून नुसता बॉल पळवत संपवली आणि 20-13 ने जिंकले. नोव्हेंबरमध्ये लाइनच्या मधला, सेंटर सेथ मॅकलॉफलिनसुद्धा प्रॅक्टिसमध्ये टाचेची शीर तुटून गेला. एवढं होऊनही प्लेऑफच्या, म्हणजे शेवटच्या बाद फेरीच्या, चार मॅचमध्ये 42, 41, 28 आणि 34 पॉइंट! गुण साडेसात, पण मनातून नऊ.

मिशिगनचे मार्क मी लाइनचे नाही, कोचचे कापतो. लाइन अशी ठिगळं लावलेली असताना हेड कोच रायन डे आणि ऑफेन्सचा कोच चिप केली त्या दिवशी पुन्हा पुन्हा मधोमधच बॉल पळवत होते, मिशिगनची ताकदच तिथे होती, आणि बाहेर पास झेलणारा जेरेमाया स्मिथ उभा! पहिल्याच वर्षाला 1,315 यार्ड आणि 15 टचडाऊन करणारा पोरगा, त्याला दुपारभर मिळाले 35 यार्ड. म्हणून डेला सात. तीन आठवड्यांनी प्लेऑफच्या पहिल्या मॅचला टेनेसीविरुद्ध त्यांनी लांबचे पास खुले केले, आणि रोझ बोलमध्ये, म्हणजे क्वार्टरफायनलला, ज्या ओरेगॉनकडून आधी हरले होते त्यांच्यावर 34-0 चढवले तेव्हा माझी बायको, जिला ह्या खेळातलं फारसं कळत नाही, ती म्हणाली, "हे आधी का नाही केलं?" हाच माझा सगळा रिव्ह्यू समजा. बारा टीमचा प्लेऑफ त्याच वर्षी सुरू झाला हे त्यांचं नशीब, आधीसारखा चार टीमचा असता तर दोन हारींनंतर कठीण होतं.

रनिंग बॅक (बॉल घेऊन धावणारे) जडकिन्स आणि हेंडरसन, दोघांचे हजारावर यार्ड, दोघांनी बॉल वाटून घेतला आणि कुरकुर दिसली नाही, आठ. पास झेलणाऱ्या एमेका एग्बुकाला साडेआठ. स्मिथला दहा, चर्चा नाही.

डिफेन्सला साडेनऊ. सरासरी 13 पेक्षा कमी पॉइंट दिले, देशात सगळ्यात कमी. केलेब डाउन्स एकटा मागचं सगळं मैदान सांभाळायचा. पण जॅक सॉयर! सेमीफायनलला टेक्सास सात पॉइंटने मागे, टचडाऊनपासून एक यार्डावर येऊन ठेपलेले, मग बॉल बाजूला टॉस केला तो उलटा सात यार्ड मागे गेला, आणि चौथ्या डाऊनला, म्हणजे शेवटच्या प्रयत्नाला, सॉयरने त्यांचा क्वार्टरबॅक क्विन युअर्सच्या हातातून बॉल उडवला, स्वतःच उचलला आणि 83 यार्ड पळाला. युअर्स आधी ओहायो स्टेटमध्ये होता तेव्हा दोघे रूममेट होते! सॉयर इथल्याच पिकरिंग्टनचा, त्यामुळे त्या रात्री आमच्याकडे फटाके वाजले, जानेवारीच्या थंडीत.

राहिला किकर. जेडन फील्डिंगने मिशिगनसमोर दोन किक चुकवल्या, दोन्ही चाळीस यार्डांच्या आतल्या, आणि मॅच तीन पॉइंटने गेली, तुम्ही त्याला दोन दिलेत. अटलांटात फायनलला 31-23 होते, नोटर डेम मागून येत होते, थर्ड अँड इलेव्हनला, म्हणजे तिसरा प्रयत्न आणि अकरा यार्ड हवे असताना, हॉवर्डने स्मिथला 56 यार्डांचा फेकला आणि शेवटी 26 सेकंद उरलेले असताना हाच फील्डिंग 33 यार्डांवरून किक मारायला आला. माझा मुलगा बोटांच्या फटीतून बघत होता. गेली मधोमध. मी त्याला सहा देतो.