पॉलिसीवर नाव माझं आहे, मग पैसे कुणाचे?

ताई, माझा धाकटा मुलगा पाच महिन्यांपूर्वी अपघातात गेला. वय ३४. मागे बायको आणि चार वर्षांची मुलगी. तो गेल्यावर पंधरा दिवसांनी सुनेनं एक प्लॅस्टिकची फाइल माझ्यापुढे ठेवली, "आई, यात तुमचं नाव आहे," एवढंच म्हणाली आणि आत निघून गेली. नोकरी लागल्या लागल्या, लग्नाच्या तीन वर्षं आधी, त्यानं विमा काढला होता. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. नॉमिनी मी आहे. क्लेम मंजूर होऊन पैसे माझ्या खात्यात आले आहेत. थोरला म्हणतो, "नाव तुझं, पैसे तुझे. तुलाच द्यायचे होते म्हणून तर त्यानं नाव बदललं नाही. ती तरुण आहे, उद्या दुसरं लग्न करेल, पैसे परक्या घरात जातील." सुनेचे वडील वकिलाची भाषा करायला लागलेत. सून माझ्याशी कामापुरतंच बोलते. मी विधवा आहे, पेन्शन नाही. हे पैसे ठेवले तर मी सुनेचं खाल्लं असं होईल का? आणि सगळे देऊन टाकले तर उद्या मी कुणाच्या तोंडाकडे बघू?
– एक आई, वय ६३

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या फाइलपाशी अडखळले. नवरा जाऊन जेमतेम पंधरा दिवस झालेले. त्याचं कपाट आवरताना म्हणा, कागद शोधताना म्हणा, ती फाइल तुमच्या सुनेच्या हाती लागली. तिनं ती उघडली, वाचली. आपलं नाव नाही, लेकीचंही नाही, हे तिला तिथेच कळलं. पॉलिसी आहे हे घरात दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी तिनं ती उचलून तुमच्या पुढ्यात आणून ठेवली. ती आत निघून गेली ते रागानं गेली, असं तुम्ही मनात धरलं असेल. मला वाटतं, तिला तुमच्यासमोर रडायचं नव्हतं.

आता थोरल्याच्या बोलण्याकडे येते. "द्यायचे होते म्हणून नाव बदललं नाही." ताई, नाव न बदलण्यामागे फार क्वचित काही विचार असतो. माझे यजमान गेले तेव्हा त्यांच्या एका पॉलिसीवर माझ्या सासऱ्यांचं नाव निघालं. सासरे आठ वर्षांपूर्वीच गेले होते. त्यांच्या तेराव्याला यजमान स्वतः बसले होते, पण पॉलिसीतलं नाव बदलायचं त्यांच्या डोक्यात आलं नाही. मला सक्सेशन सर्टिफिकेटसाठी, म्हणजे वारस असल्याच्या दाखल्यासाठी, कोर्टाच्या चकरा माराव्या लागल्या. सुरुवातीचे काही महिने मीही रात्री पडल्या पडल्या विचार करायचे, माझं नाव का नाही घातलं? हळूहळू कळलं, त्या माणसानं सही केली आणि फाइल ठेवून दिली, एवढंच. तुमच्या मुलानं पहिल्या नोकरीत फॉर्म भरला. समोर रकाना आला, त्यानं आईचं नाव लिहिलं. त्या दिवशी त्याच्या जगात तुम्हीच होतात. ते प्रेम खरंच आहे, ते तुमच्याकडेच राहू द्या. पण त्याच कागदावरून पुढे आलेल्या बायकोबद्दल आणि लेकीबद्दल त्याला काय वाटत होतं, हे काढायला जाऊ नका.

कायदा काय म्हणतो तेही सांगते, कारण दोन्हीकडून तो अर्धाच सांगितला जातोय. १९३८ च्या विमा कायद्यातलं ३९ वं कलम नॉमिनीबद्दल आहे. सर्वोच्च न्यायालयानं १९८३ मध्ये स्पष्ट केलं होतं की नॉमिनी कंपनीकडून पैसे स्वीकारतो, पण मालक वारसच. मग २०१५ मध्ये या कलमात दुरुस्ती झाली. आई-वडील, नवरा किंवा बायको, मुलं यांपैकी कुणी नॉमिनी असेल तर त्या पैशावर त्यांचा लाभाचा हक्क, म्हणजे पैसे त्यांचेच, असं त्यात आलं. थोरला ज्या जोरावर बोलतोय तो हाच. त्यामुळे तो अगदी हवेत बोलतोय असं मी म्हणणार नाही. पण या दुरुस्तीचा अर्थ लावताना उच्च न्यायालयांचं एकमत नाही. कर्नाटक उच्च न्यायालयापुढे तुमच्यासारखंच प्रकरण आलं होतं. लग्नाआधी आईचं नाव लावलेलं, मग लग्न झालं, मूल झालं, नाव तसंच राहिलं. २०२५ मध्ये न्यायालयानं आई, बायको आणि मूल यांना एकेक तृतीयांश वाटा दिला. म्हणजे तुम्ही आणि सून कोर्टात गेलात तर निकाल कुठे झुकेल, हे आज कुणी छातीठोक सांगू शकत नाही. वर्षं मात्र जातील, आणि तुमची नात त्या वर्षांत मोठी होत असेल.

मृत्युपत्र नसेल आणि तुम्हाला हिंदू उत्तराधिकार कायदा लागू असेल तर १९५६ चा तो कायदा काय सांगतो बघा. मुलगा गेला की बायको, मुलं आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस. तिघींना सारखा वाटा. भाऊ पहिल्या वर्गात येतच नाही. थोरल्याचा यात एक रुपयाही नाही, हे त्याला शांतपणे सांगा. तो लोभी आहे असं मला म्हणायचं नाही. भाऊ गेलाय, आईची काळजी आपल्या गळ्यात येणार याची त्याला धास्ती वाटत असेल. पण सुनेच्या दुसऱ्या लग्नाचा मुद्दा त्यानं काढू नये. विधवेचा वाटा नवरा गेला त्या दिवशी ठरतो, पुढे तिनं लग्न केलं तरी तो परत मागता येत नाही. आणि नात तर कुठेही गेली तरी तुमच्याच मुलाची मुलगी.

तुम्ही विचारलंत, ठेवले तर सुनेचं खाल्लं असं होईल का. नाही, ताई. आईला वारसाहक्कात वाटा आहे, कुणी उपकार म्हणून दिलेला नाही. म्हणून भावनेच्या भरात सगळी रक्कम सुनेच्या खात्यात टाकू नका. पेन्शन नाही, वय ६३. तुमचा एक तृतीयांश तुमच्या एकटीच्या नावानं ठेवा. थोरल्याला संयुक्त खातेदार करू नका. त्याच्या धंद्याला, घराच्या कर्जाला, "महिन्याभरात परत देतो" म्हणून काहीही देऊ नका. वाटणी होईपर्यंत त्या खात्यातून पैसे हलवूच नका.

उरलेले दोन वाटे सुनेचे आणि नातीचे. नातीची रक्कम तिच्याच नावानं मुदत ठेवीत घाला, ती १८ वर्षांची होईपर्यंत आई पालक म्हणून राहील. वकिलाकडून कौटुंबिक समझोत्याचा लेख करून घ्या, त्यावर तुम्ही आणि सून दोघींनी सह्या करा, साक्षीदार दोन्ही घरांतले घ्या. सुनेच्या वडिलांना त्या दिवशी आवर्जून बोलवा, म्हणजे वकिलाची भाषा आपोआप थांबेल. एक गोष्ट लक्षात ठेवा. लेखात "बक्षीस दिले" असं लिहू देऊ नका. सुनेचा वाटा सुनेला दिला, असंच लिहा. बक्षीस म्हटलं की उद्या कुणीतरी तिला ते बोलून दाखवेल.

पण हे सगळं नंतर. आधी तुम्ही दोघींनी एकत्र बसा, थोरला घरात नसताना. पैशाचा विषय तुम्ही काढू नका. तिला एवढंच विचारा, "ती फाइल तुला कुठे सापडली गं?" ती सांगेल. कपाटाच्या कुठल्या कप्प्यात होती, सोबत आणखी काय काय होतं, त्यात त्याचा एखादा जुना फोटो होता का. पाच महिन्यांत तुमच्या मुलाबद्दल तुम्ही दोघी एकमेकींशी बोललेल्या नाहीत असं पत्रावरून दिसतं. ती रडली तर रडू द्या, तुम्हीही रडा. मग म्हणा, "यात माझं नाव होतं, तुमची दोघींची मी घालते."