दुसरा भाग बघावा का?

थरारपट, भयपट आणि त्यांची वाढत जाणारी शेपटं यांवर या महिन्यात बरीच पत्रं आली. त्यांतली काही इथे घेतली आहेत. कुठे कथानक फोडावं लागलं असेल, तर आधी तसा इशारा दिला आहे.

प्रश्न : ‘हॅलोविन’ क्रमाने बघायला घेतला. तिसऱ्या भागात तो मुखवटेवाला खुनीच नाही! आम्ही काही चुकीचं लावलं का? – वाचक, सांगली

तुम्ही बरोबरच लावलंत, गोंधळ त्यांचाच आहे. जॉन कार्पेंटरचा मूळ ‘हॅलोविन’ १९७८चा. ‘स्टार ट्रेक’ मालिकेतल्या कॅप्टन कर्कचा बाजारात मिळणारा रबरी मुखवटा आणून पांढरा रंगवला आणि त्यातून खुनी मायकेल मायर्स उभा राहिला. १९८१च्या दुसऱ्या भागात तो नायिका लॉरीचा सख्खा भाऊ निघाला आणि इथेच माती झाली. पहिल्या भागात तो कुणालाही मारू शकत होता, म्हणून त्याची भीती वाटायची. नातं जोडल्यावर त्याला कारण मिळालं, आणि कारण असलेल्या खुन्यापासून माणूस लांब राहू शकतो. १९८२च्या तिसऱ्या भागाचं कथानक साफ वेगळं होतं. दर वर्षी नवी गोष्ट सांगायची, असा बेत होता; पण प्रेक्षकांना मायकेलच हवा होता. चौथ्यापासून तो परत आला.

पुढची वंशावळ अशी : चौथा, पाचवा आणि सहावा भाग एका माळेत. १९९८चा ‘एच ट्वेंटी’ हे तीन झालेच नाहीत असं धरतो. चौथ्यात मेलेली लॉरी त्यात जिवंत असते. २००७ आणि २००९चे दोन चित्रपट म्हणजे नव्याने मांडलेला डाव. २०१८चा भाग तर १९७८ सोडून बाकी सगळं पुसून टाकतो, त्याच्यापुढे २०२१ आणि २०२२चे आणखी दोन. ‘एच ट्वेंटी’च्या पुढचा २००२चा भाग धरून एकूण तेरा.

आमचं ऐका, १९७८ बघा आणि थेट २०१८ बघा. वेळ उरला तर तिसरा भाग सुटा चित्रपट म्हणून बघा, तो बदनाम आहे तेवढा वाईट नाही. सहावा मात्र राहू द्या.

अशी पुसापुशी फक्त अमेरिकेतच होते असं नाही. जपानमध्ये ‘रिंग’ आणि त्याचा पुढचा भाग ‘रासेन’ १९९८मध्ये एकाच दिवशी लागले. ‘रिंग’ तुफान चालला, ‘रासेन’ आपटला. पुढच्याच वर्षी ‘रासेन’ नव्हताच असं समजून ‘रिंग टू’ काढला.

प्रश्न : ‘दृश्यम’चा दुसरा भाग जमला, बाकीच्यांचे का फसतात? – वाचक, म्हापसा

(दोन्ही भाग पाहिले नसतील त्यांनी पुढच्या प्रश्नावर जावं.)

तुम्ही गोव्याचे, म्हणजे २ ऑक्टोबर आणि पणजीचा सत्संग तुम्हाला सांगायला नको. पहिल्या भागाची गंमत एका साध्या गोष्टीवर उभी आहे : माणसाला घटना लक्षात राहते, तारीख नाही. विजय साळगावकर कुटुंबाला घेऊन पणजीला जातो, पावभाजी खातो, सिनेमा बघतो, हॉटेलात राहतो, हे सगळं खरंच घडतं. फक्त त्या तारखेला घडत नाही. नंतर तो त्याच लोकांना पुन्हा भेटतो आणि बोलता बोलता तारीख त्यांच्या डोक्यात सोडून येतो. साक्षीदार खोटं बोलत नाहीत, म्हणून पोलिसांना ते मोडता येत नाहीत.

आता हाच डाव दुसऱ्या भागात परत खेळला असता, तर प्रेक्षक दहा मिनिटं पुढे बसला असता. दिग्दर्शक जीतू जोसेफने मूळ मल्याळम ‘दृश्यम टू’मध्ये (२०२१) प्रश्नच बदलला. पहिल्यात ‘हा सुटणार कसा?’ असं होतं, दुसऱ्यात ‘सुटल्यावर हा जगतोय कसा?’ असं झालं. नवा धागाही बाहेरून आणून चिकटवलेला नाही. नायक बांधकाम चालू असलेल्या पोलीस ठाण्यातून रात्री बाहेर पडतो, हे आपण आधी बघितलेलं असतं. तेव्हा आणखी कुणी बघत होतं, एवढंच नवं. हिंदी रूप २०२२मध्ये आलं. दोन्ही पाहणार असाल तर मल्याळम आधी बघा. त्याचा पहिला तास संथ आहे, पण तो संथपणाच पुढे कामाला येतो. हिंदीत तो बराच छाटला आहे.

उलटं उदाहरण ‘जॉज’चं. १९७५मध्ये यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बंद पडायचा, म्हणून स्पिलबर्गने तो दाखवायचा टाळला आणि शार्कला अडकवलेली पिवळी पिंपं आणि संगीत यांवर भागवलं. पुढच्या भागांनी शार्क भरपूर दाखवला आणि भीती घालवली. ‘एलियन’चा (१९७९) दुसरा भाग मात्र जमला, कारण जेम्स कॅमेरॉनने १९८६मध्ये भुताच्या वाड्याची गोष्ट सोडून सरळ युद्धपट केला.

प्रश्न : घरी टीव्हीवर भयपट लावला की कुजबुज ऐकू येत नाही आणि किंकाळीला शेजारी दार वाजवतात. अंधारातलं तर काहीच दिसत नाही. – वाचक, डोंबिवली

आवाजाचं आधी. बहुतेक चित्रपटांचा आवाज ५.१ पद्धतीने (पाच स्पीकर आणि दणक्यासाठी एक वेगळा) मिसळलेला असतो, त्यात संवाद मधल्या स्पीकरसाठी असतात. तुमच्या टीव्हीला दोनच स्पीकर. मग संवाद, संगीत, दाराची करकर सगळं एकाच चाळणीतून येतं. ॲपमध्ये ऑडिओच्या यादीत ५.१ सोडून स्टिरिओ किंवा साधा पर्याय असेल तर तो निवडा. नसेल आणि टीव्हीला बाहेरचे दोन स्पीकर जोडले असतील तर टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’ करा. साउंडबारला मधला स्पीकर असेल तर फक्त त्याचा आवाज दोन-तीन डेसिबलने वाढवा. ‘नाइट मोड’ लावू नका असं आम्ही म्हणू : तो कुजबुज वर आणतो आणि दणका खाली दाबतो. शेजारी खूश, पण धसका गेला. रात्री उशिरा बघायचंच असेल तर सरळ हेडफोन लावा.

चित्राला ‘मूव्ही’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड लावा आणि खोलीच्या उजेडाप्रमाणे बदलणारी आपोआप ब्राइटनेस बंद करा. मोशन स्मूदिंगही बंद. कंपनीगणिक त्याचं नाव वेगळं, पण ‘मोशन’ हा शब्द बहुधा असतोच. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा. टीव्ही मधल्या चौकटी मनाने भरतो आणि भूत मालिकेतल्या सुनेसारखं गुळगुळीत चालायला लागतं. काळ्या भागात चौकोनी ठिगळं दिसत असतील तर दोष टीव्हीचा नाही, डेटा कमी येतोय. ॲपमध्ये क्वालिटी ‘हाय’ करा. ब्राइटनेस वाढवून काळोख उजळायला जाऊ नका, काळ्याचा राखाडी होतो आणि कोपऱ्यात लपवलेलं त्यातही दिसत नाही. समोरची ट्यूब घालवा, टीव्हीच्या मागे एखादा मंद दिवा ठेवा.

प्रश्न : नुसतं दचकवणं ही स्वस्त युक्ती नाही का? – वाचक, नागपूर

बहुतेक वेळा हो. १९४२च्या ‘कॅट पीपल’मध्ये पाठलाग रंगात आलेला असताना एक बस फिस्स करून थांबते, तिच्यावरून आणि निर्माता व्हॅल ल्यूटनवरून या युक्तीला ‘ल्यूटन बस’ नाव पडलं. तेव्हापासून मांजरं, कपाटं, मित्राचा खांद्यावर हात, सगळं वापरून चोथा झालाय. पण ‘एक्झॉर्सिस्ट थ्री’मधला (१९९०) रुग्णालयाचा बोळ बघा. कॅमेरा बोळाच्या टोकाला, लांबवर, हलतच नाही. संगीत जवळजवळ नाही. नर्स एका खोलीत डोकावते, तिथे एकदा खोटा दचका बसतो. आपण सैल होतो. ती परत आपल्या जागी येते, पुन्हा उठते, दुसरं दार बघते, बंद करते, आपल्या कामाला वळते आणि तिच्या पाठीमागून पांढऱ्या चादरीतली आकृती मोठी कात्री घेऊन येते. त्याच क्षणी कॅमेरा झपकन जवळ जातो आणि आवाज कडाडतो. हा दचका क्षणाचा, पण त्याआधीची काही मिनिटं आपल्याला कंटाळा येऊ देण्यात घालवली आहेत. तेवढा धीर आज संकलकाला कोण देतो!

प्रश्न : ‘झपाटलेला’चा दुसरा भाग ३डी होता, तरी पहिल्याची सर का नाही? – वाचक, कोल्हापूर

लक्ष्या नव्हता, एवढं कारण पुरे. लक्ष्मीकांत बेर्डे २००४मध्ये गेले, दुसरा भाग २०१३चा. शिवाय १९९३च्या तात्या विंचूला एक नियम होता : गुपित ज्याला पहिल्यांदा सांगितलं, त्याच्याच शरीरात शिरायचं. बाहुल्याला लक्ष्याच हवा, आणि लक्ष्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. हसू आणि भीती एकाच जागेतून येतात. रामदास पाध्यांचा बाहुला दोन्हीकडे तोच. ३डीचा चष्मा मात्र पडद्यावरचा निम्म्याहून जास्त उजेड खातो, भुताच्या चित्रपटाला तो परवडत नाही.

प्रश्न : कॉलेजच्या लघुपटासाठी रक्त घरी कसं करायचं? – वाचक, चिपळूण

अर्धी वाटी लिक्विड ग्लुकोज (केकचं सामान मिळतं तिथे), दोन चमचे कोमट पाणी, एक चमचा कोको पावडर, अर्धा चमचा लाल खाद्यरंग आणि काडीच्या टोकावर येईल एवढा निळा. कोको आधी पाण्यात कालवून घ्या, नाहीतर गुठळ्या होतात. मग ग्लुकोज, शेवटी रंग. बुडबुडे जायला अर्धा तास ठेवा. निळा विसरलात तर एलईडीखाली रक्त सरबतासारखं गुलाबी दिसतं. वाळलेला डाग हवा असेल तर कोको दुप्पट. ज्या उजेडात चित्रीकरण आहे तिथेच, मोबाईलचं एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक करून एकदा तपासा. हिचकॉकने ‘सायको’साठी (१९६०) चॉकलेट सिरप वापरलं, पण तो चित्रपट कृष्णधवल होता, तुम्हाला ते चालणार नाही. सुती कपड्यावरचा डाग निघत नाही, तेव्हा शर्ट जुना घ्या. आणि ‘प्रेत’ फरशीवर जास्त वेळ निजवू नका, मुंग्या येतात.