शुगर कमी झाली की आधी साखर, मग जेवण

श्रावण-भाद्रपदाचे दिवस आले की प्रश्नांचा नूरच बदलतो. एरवी 'जेवणानंतर २५० आली, काय करू?' असं विचारणारी मंडळी 'उपास आहे, गोळी घेऊ का?' असं विचारायला लागतात. या वेळी बहुतेक प्रश्न कमी झालेल्या शुगरचेच आले, म्हणून तेवढेच घेतले आहेत. आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत, म्हणजे तुमच्या ग्लुकोमीटरवर दिसतात तेच.

प्रश्न: बाबा ७४ वर्षांचे. सकाळी शुगरची गोळी घेऊन फिरायला जातात, बागेत मित्र भेटले की गप्पा लांबतात. गेल्या महिन्यात दोनदा घामाघूम होऊन परत आले. हात थरथरत होते आणि एरवी शांत असणारा माणूस वहिनीवर खेकसत होता. दुसऱ्या वेळी मीटरवर ५८ आली. वहिनीने गरम पोहे आणि जिलबी पुढे केली. बरोबर केलं का? (सुदामा नगर, इंदूर)

उत्तर: मीटर लावला हे उत्तम केलं. पोहे-जिलबीचा क्रम मात्र चुकला.

शुगर ७० च्या खाली गेली की ती कमी धरायची आणि उपाय लगेच करायचा. ५४ च्या खाली गेली तर प्रकरण गंभीर, कारण मेंदूला ग्लुकोजचा पुरवठा अपुरा पडायला लागतो. घाम, थरथर, धडधड, एकदम लागलेली भूक ही पहिली लक्षणं. त्यानंतर बोलणं अडखळणं, विनाकारण चिडणं, विचारलेलं न समजणं. म्हणून बाबांचं खेकसणं मनाला लावून घेऊ नका, बोट टोचून बघा.

अशा वेळी जे खायचं ते रक्तात लवकर उतरणारं हवं. पोह्यांत तेल, जिलबीत तूप. स्निग्ध पदार्थ पोटात रेंगाळतात आणि त्यांच्याबरोबरची साखरही अडकून राहते. पेढा, बर्फी, चॉकलेट यांचंही तेच. इंदूरकरांसाठी एक खास सूचना: आपल्याकडे सराफ्यात शिकंजी म्हणून जे मिळतं ते लिंबाचं सरबत नव्हे, ते आटवलेल्या दुधाचं दाट, सुक्यामेव्याचं प्रकरण आहे. चवीबद्दल वाद नाही, पण ५८ शुगरवर ते उपयोगाचं नाही.

मग द्यायचं काय? चहाचे तीन भरून चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर, अर्ध्या पेल्या पाण्यात ढवळून. हे साधारण १५ ग्रॅम होतात. नाहीतर अर्धा पेला फळांचा रस किंवा साधं कोल्ड्रिंक, डाएटचं नव्हे. पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा मोजा. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच द्या. आकडा वर आल्यावर पोहे द्या, पोळी-भाजी द्या, म्हणजे शुगर परत घसरणार नाही. पंधरा मिनिटं धीर धरणंच घरच्यांना सगळ्यांत जड जातं. माणूस थरथरत असतो, म्हणून एकामागून एक काहीतरी भरवत राहतात आणि दुपारी शुगर ३०० दिसली की घाबरून जादा गोळी देतात. ही झोकांडी टाळा.

आणखी दोन गोष्टी बघा. एक, बाबांच्या गोळीच्या पट्टीवर 'व्होग्लिबोज' किंवा 'अकार्बोज' लिहिलंय का? एकाच गोळीत दोन-तीन औषधं असतात, त्यात हे पुष्कळदा असतं. हे औषध आतड्यात साखरेचं विघटन लांबवतं, त्यामुळे घरची साखर सावकाश लागू पडते. अशांच्या खिशात ग्लुकोज पावडरच हवी. दोन, मोजण्याआधी हात धुवा. जिलबीच्या पाकाने चिकट झालेल्या बोटातून रक्त घेतलं तर मीटर खोटा मोठा आकडा दाखवेल आणि तुम्ही निर्धास्त व्हाल.

आता मूळ कारण. तुम्ही कळवलेल्या औषधांत ग्लिमेपिराइड आहे. ही गोळी जेवण असो-नसो, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. बाबा गोळी घेऊन उपाशीपोटी चालायला जातात. चालताना स्नायू वेगळी साखर ओढतात. वर गप्पांमुळे नाश्ता तास-दीड तास पुढे जातो. अशाने शुगर पडणारच. ही गोळी फिरून आल्यावर, नाश्ता पुढ्यात आला की घ्यायची. आणि महिन्यात दोनदा असं झालं असेल तर डॉक्टरांना सांगून मात्रा कमी करता येते का ते विचारा. पंच्याहत्तरीला आलेल्या माणसाची एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) ६.२ आली म्हणून घरात कौतुक होतं, मला त्याची धास्ती वाटते. या वयात साडेसात, कधी आठही चालते. शुगर थोडी जास्त राहिली तर नुकसान व्हायला वर्षं लागतात, कमी झाली तर माणूस आज जिन्यावरून पडतो.

प्रश्न: सासूबाई ८१ वर्षांच्या, किडनी थोडी कमजोर आहे. रात्री शुगर ४९ झाली. साखरपाणी दिलं, १२० झाली, आम्ही निश्चिंत झोपलो. पहाटे पुन्हा घामाने अंथरूण ओलं, शुगर ५२. असं का?

उत्तर: कारण गोळी अजून अंगात होती. ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड यांचा असर बराच वेळ टिकतो. किडनी कमजोर असली की औषध बाहेर पडायला आणखी वेळ लागतो. साखरपाण्याचा जोर तास-दोन तासांत ओसरतो, गोळीचा ओसरत नाही. त्यामुळे अशा माणसाची शुगर एकदा वर आली म्हणजे संकट टळलं असं धरू नका. पुढची गोळी न देता दवाखान्यात न्या, बहुतेक वेळा २४ तास किंवा त्याहून जास्त देखरेखीखाली ठेवावं लागतं, सलाइनमधून ग्लुकोज द्यावं लागतं. ग्लिबेनक्लामाइड तर म्हाताऱ्या माणसांत टाळावीच असं आज सर्वमान्य आहे. वर्षानुवर्षं तीच चिठ्ठी दाखवून केमिस्टकडून गोळ्या आणत असाल तर ती चिठ्ठी एकदा डॉक्टरांपुढे ठेवा. क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या तपासणीचा, ताजा रिपोर्टही सोबत न्या. डीपीपी-४ गटातल्या गोळ्या, उदाहरणार्थ लिनाग्लिप्टिन, एकट्याने दिल्या तर शुगर सहसा पाडत नाहीत आणि लिनाग्लिप्टिनची मात्रा किडनीसाठी बदलावीही लागत नाही. निर्णय अर्थात डॉक्टरांचा.

प्रश्न: माझं वय ५८. सकाळ-संध्याकाळ मिक्स इन्सुलिन घेते. लग्नापासून हरतालिका निर्जळी केली आहे, यंदा मुलगी आणि सून दोघी मोडता घालताहेत. इन्सुलिन बंद ठेवलं तर उपास करता येईल ना?

उत्तर: काकू, मी मुलीच्या आणि सुनेच्या बाजूने आहे.

मिक्स इन्सुलिनमध्ये एक भाग लवकर काम करणारा आणि एक सावकाश काम करणारा असतो. घेतलंत आणि खाल्लं नाहीत, तर शुगर पडणार. अजिबात घेतलं नाहीत, तर शुगर चढणार, वर पाणी नाही म्हणून शरीर सुकणार. दोन्हीकडून गोत्यात. त्यात डापाग्लिफ्लोझिनसारखी लघवीवाटे साखर काढणारी गोळी चालू असेल तर निर्जळी उपास आणखी घातक, रक्तात कीटोन (चरबी जळून तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) वाढू शकतात. ही गोळी उपासाआधी किती दिवस बंद ठेवायची हेही विचारून घ्यायला हवं.

देवीची पूजा करा, जागरणात मैत्रिणींबरोबर बसा. उपास करायचाच असेल तर पाणी, ताक, फळं, शिंगाड्याच्या पिठाची भाकरी, थोडे शेंगदाणे असा करा. साबुदाण्याची खिचडी बशीभर पुरे. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, आधी शुगर चढवतो आणि पोटात प्रथिनं काहीच नसल्यामुळे दोन-तीन तासांत पुन्हा भूक लागते. त्या दिवशी इन्सुलिन किती घ्यायचं हे आठ दिवस आधी डॉक्टरांकडून कागदावर लिहून आणा, आदल्या रात्री फोन करू नका. दिवसातून चार-पाच वेळा मोजा. बोट टोचल्याने उपास मोडत नाही. आणि ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर आकडा गेला तर उपास तिथेच सोडायचा, चंद्र-तारे, मुहूर्त काही बघायचं नाही.

(ज्यांना टाइप १ डायबिटीस आहे त्यांनी इन्सुलिन पूर्ण बंद कधीही करायचं नाही, उपास असो वा ताप.)

प्रश्न: मला शुगर कमी झाल्याचं कळतच नाही. परवा सहज मोजली तर ४६! मी अगदी ठीक होतो, टीव्ही बघत होतो. मीटर बिघडलाय का? इन्सुलिन दहा वर्षांपासून, बीपीसाठी मेटोप्रोलॉल.

उत्तर: मीटर एकदा लॅबच्या तपासणीशी ताडून बघा, पण दोष त्याचा नसावा. शुगर वारंवार पडत राहिली की शरीर घंटा वाजवणं सोडून देतं. घाम, थरथर ही लक्षणं अॅड्रिनलिनमुळे येतात. वरचेवर तसंच घडत गेलं की ते उशिरा आणि कमी सुटतं. मग पहिलं लक्षण दिसतं ते थेट गोंधळण्याचं किंवा बेशुद्धीचं. शिवाय मेटोप्रोलॉल धडधड आणि थरथर झाकतं. घाम मात्र झाकत नाही, म्हणून विनाकारण आलेला गार घाम ही तुमची खूण समजा. बीपीची गोळी मनाने बंद करू नका.

चांगली बातमी अशी की ही गेलेली जाणीव बऱ्याच अंशी परत येते. दोन-तीन आठवडे शुगर एकदाही ७० च्या खाली जाऊ दिली नाही तर लक्षणं पुन्हा जाणवू लागतात. त्यासाठी डॉक्टर तुमचं लक्ष्यच थोडं वर नेतील, इन्सुलिन घटवतील. दंडावर चिकटवायचा सेन्सर परवडत असेल तर लावा, शुगर घसरू लागली की मोबाइल ओरडतो. इन्सुलिन टोचायची जागा रोज बदलता का? एकाच जागी टोचून पोटावर गाठी झाल्या की तिथून इन्सुलिन कधी शोषलं जातं, कधी नाही. आणि तुम्ही जागा बदलून टोचायला लागलात की तीच मात्रा एकदम जास्त पडू शकते, हेही डॉक्टरांशी बोलून करा.

प्रश्न: इन्सुलिन पेनची सुई संपली होती, म्हणून पेनच्या कार्ट्रिजमधून सिरिंजने इन्सुलिन काढलं. नेहमीचेच २० युनिट. तासाभरात शुगर ४४. असं कसं?

उत्तर: सिरिंजची टोपी लाल होती ना? लाल टोपीची सिरिंज ४० युनिट प्रति मिलिलिटरच्या बाटलीसाठी असते. पेनमधलं इन्सुलिन १०० युनिटचं, म्हणजे अडीचपट तीव्र. लाल टोपीच्या सिरिंजवर २० च्या खुणेपर्यंत अर्धा मिलिलिटर भरतो. त्यात पेनचं इन्सुलिन भरलं म्हणजे तुम्ही २० नव्हे, ५० युनिट टोचले. १०० युनिटच्या इन्सुलिनची सिरिंज नारिंगी टोपीची असते. पेनमधून सिरिंजने काढूच नका, घरात सुयांचा एक जादा डबा ठेवा.

प्रश्न: माणूस बेशुद्ध पडला तर तोंडात साखरपाणी ओतायचं का?

उत्तर: नाही. पाणी, मध, काहीही नाही. ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा आणि फोनवरच 'शुगरचा पेशंट आहे' हे सांगा. ग्लुकॅगॉनचं (शुगर वर आणणारं) इंजेक्शन घरी असेल आणि द्यायला शिकवलं असेल तर द्या. इन्सुलिन घेणाऱ्या प्रत्येक घराने डॉक्टरांना त्याबद्दल विचारावं. शुद्धीवर येऊन नीट गिळायला लागला की मगच तोंडाने गोड.

प्रश्न: वय २९, डायबिटीस नाही. दुपारी बारा-साडेबाराला हातपाय गळतात, थरथरतं. शुगर लो होते का?

उत्तर: कदाचित नाही. सकाळी नुसता चहा-बिस्किटं आणि मग थेट दीडला डबा असं असेल तर हे भुकेचं आहे. त्या वेळी मोजून बघा. लक्षणं असताना आकडा खरोखर ५५ च्या खाली, आणि साखर खाल्ल्यावर लक्षणं जातात, असं दोन-तीनदा दिसलं तर फिजिशियनकडे जा, तपासण्या लागतील. ८५-९० येत असेल तर सकाळी अंडं, उसळ, मोडाची मटकी असं काहीतरी खाऊन निघा. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन एकदा बघून घ्या.

उलट, ज्यांची शुगर महिनोन्महिने ३०० च्या घरात होती आणि औषधाने झपाट्याने खाली आली त्यांना १२० वरही अशी थरथर होते. शरीराला सवय नसते. तिथे साखर खायची नाही, थोडं बसायचं. पंधरा-वीस दिवसांत ते जातं.

प्रश्न: मी इन्सुलिनवर आहे आणि रोज पलासियाहून राऊपर्यंत स्कूटरने जातो. चालवताना शुगर पडली तर?

उत्तर: निघण्यापूर्वी मोजा. ९० च्या खाली असेल तर आधी काहीतरी खा. रस्त्यात जरा जरी शंका आली तरी स्कूटर कडेला लावा, किल्ली काढा, ग्लुकोज घ्या. आकडा वर आल्यावरही पाऊण तास चालवू नका, डोकं पूर्ण ताळ्यावर यायला तेवढा वेळ लागतो. ऑफिसला उशीर झाला तर होऊ द्या. ग्लुकोजची पुडी शर्टाच्या खिशात ठेवा, डिकीत नाही. हात थरथरत असताना डिकीचं कुलूप उघडत नाही.