पहिली भट्टी पेटवण्याआधी

लोहारकामाच्या भट्टीवर फार पैसे घालू नकोस. ट्रकचा जुना ब्रेक ड्रम, खालून हवा द्यायला दीड इंची काळा लोखंडी पाइप आणि हाताने फिरवायचा पंखा, एवढं मिरजेच्या भंगारात शोधलंस तरी पुरे. पाइप जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, मात्र नको. तो मुलामा तापला की त्याच्या धुराने अंगात ताप भरतो. मी एक रात्र कुडकुडत काढलीय. कृष्णेकाठचे गोटेही भट्टीला लावू नकोस, आतली ओल तापून ते फुटतात.

खरं शिकायचंय ते आगीकडे बघून. लोखंड नारिंगी-पिवळं झालं की काढ, गडद लाल पडलं की ठोकणं थांबव. गार लोखंडावर हाणत राहिलास तर चिरतं. पांढऱ्या ठिणग्या उडायला लागल्या म्हणजे ते जळतंय, तो तुकडा गेला. सळईच्या खालीही निखाऱ्यांचा चांगला थर हवा, सरळ वाऱ्याच्या तोंडावर धरू नकोस.

आधी साध्या सळईचे आकडे (हुक) कर, निदान वीस. मग खुरपं. त्याला गाडीच्या कमानपाट्याचा तुकडा घे, साध्या सळईला पाणी चढत नाही, म्हणजे ती बुडवून कडक होत नाही. लोहचुंबक चिकटेनासं झालं (साधारण 770 अंश) की किंचित जास्त तापवून तेलात बुडव, पाण्यात तडकण्याची भीती असते. मग मंद आचेवर पिवळसर झाक येईपर्यंत पुन्हा तापव, नाहीतर काचेसारखं तुटेल.

चष्मा आणि सुती कपडे रोज. ऊसतोड सुरू होण्याआधी गावच्या लोहाराकडे कोयते येतात, तेव्हा दोन दिवस नुसता बसून लोहाराची सांडशी कशी चालते ते बघ.