बर्लिनला टीम लीड म्हणून येताय, तर माणसांबद्दल

तुम्ही विचारलंय, संभाजीनगरातून बर्लिनला टीम लीड म्हणून येतोय, 7 जणांतले 4 इथले, 3 तिकडूनच काम करणार; माणसं सांभाळताना काय वेगळं पडतं? हे निघायच्या आधी विचारलंत, फार बरं केलंत.

आधी 'करतो की सर' नीट ऐकायला शिका. 'शुक्रवारपर्यंत होईल ना?' म्हटलं की आपल्याकडचं नवं पोरगं 'करतो की' म्हणणारच. साहेबाला नाही कसं म्हणायचं? त्यात होकारापेक्षा मान जास्त असतो. इथला माणूस मात्र तो शब्द धरून बसतो. काम आलं नाही की विश्वास उडाला. म्हणून हो-नाहीचा प्रश्नच टाळा. 'कोणता भाग अजून कळला नाही? कशामुळे सोमवार उजाडू शकतो?' असं विचारा आणि गप्प बसा. लगेच तुम्हीच बोललात तर खरी अडचण पोटातच राहते.

उलट, इथला सहकारी कोड रिव्ह्यूत, म्हणजे दुसऱ्याचा कोड तपासताना, 'हे चुकीचं आहे' एवढंच लिहून मोकळा होतो. त्याच्या मनात राग नसतो, पण तिकडच्या पोराला ते दिवसभर लागून राहतं. सगळ्यांना सांगून ठेवा: चूक दाखवली की खाली कारण आणि पर्याय, एकेक ओळ.

दर आठवड्याला प्रत्येकाशी एकट्याशी अर्धा तास बोला. 7 जणांचे साडेतीन तास होतात, कॅलेंडरात आधीच अडवा. तिथे टास्क कुठवर आला हे विचारू नका, ते बोर्डावर दिसतंच. डेडलाइन आली की पहिल्यांदा याच भेटी रद्द होतात, आणि माणूस सगळ्यात जास्त पिचलेला असतो तोही तेव्हाच.

वेळेचा फरक उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. रोजची मीटिंग इथल्या साडेदहाला ठेवा, म्हणजे तिकडे 2 किंवा 3 वाजतात, जेवणं झालेली असतात. इथल्या 4 नंतर शक्यतो काही नको. हिवाळ्यात तिकडे साडेआठ होऊन जातात.

कायद्याने इथे दिवसाचे 8 तास, फार तर 10, आणि एका दिवसाचं काम संपल्यापासून दुसऱ्या दिवसाचं सुरू होईपर्यंत सलग 11 तास विश्रांती. कंपनीत 'बेट्रीब्सराट', म्हणजे कर्मचाऱ्यांनी निवडलेली समिती असेल, तर कोणी किती काम केलं हे मोजणारा डॅशबोर्ड तिच्या संमतीशिवाय लावता येत नाही. प्रोबेशन बहुधा 6 महिन्यांचं, त्यात नोटीस 2 आठवड्यांची. नव्या माणसाच्या उणिवा त्याला दुसऱ्या महिन्यातच तोंडावर सांगा; सहाव्यात सांगणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

रिलीजची तारीख धरताना दोन्हीकडची कॅलेंडरं समोर ठेवा. 8 मार्चला बर्लिनला सुट्टी असते, नाताळ ते नववर्ष ऑफिस ओस. तिकडे महालक्ष्म्यांचे तीन दिवस मोकळे सोडा, आणि टीममध्ये कोणी लातूर-धाराशिवचं असेल तर वेळ अमावास्याही. त्या दिवशी अख्खं घर शेतात असतं.